माळ्यावरचा भाडेकरू कोणत्या यादीत आहे?

मुंबईत स्वस्त भाड्याची घरं सरकार बांधत नाही आणि बिल्डरही बांधत नाही. ती बांधतो झोपडीचा किंवा गावठाणातल्या घराचा मालक. तळमजल्यावर तो स्वतः राहतो, वर पत्र्याची किंवा स्लॅबची एक खोली चढवतो, बाहेरून लोखंडी शिडी लावतो आणि ती खोली भाड्याने देतो. जमलं तर त्यावर आणखी एक. सांताक्रूझ पूर्वेला वाकोला, गोळीबार, कलिना या भागांत गल्लोगल्ली अशा शिड्या दिसतात. त्या शिड्यांवरून रोज वर-खाली करणाऱ्यांत विमानतळावर सामान चढवणारे आहेत, बीकेसीतल्या काचेच्या इमारतींचे वॉचमन आणि हाउसकीपिंगवाले आहेत, डिलिव्हरीची मुलं आहेत, शिलाई कारागीर आहेत, विद्यापीठात शिकणारे आहेत. पहिली नोकरी लागलेले, लातूर-नांदेडहून किंवा रत्नागिरीहून आलेले आपलेच तरुण इंजिनिअरसुद्धा आहेत.

या लोकांच्या घराबद्दल आपल्याकडे चर्चा होत नाही. चर्चा होते ती 'मालकीच्या' घराची. पात्र कोण, अपात्र कोण, किती चौरस फूट मिळणार, बिल्डर कोण. माझं म्हणणं एवढंच आहे, की या संपूर्ण चर्चेत भाडेकरू नावाचा माणूसच नाही. आणि तो नसल्यामुळे पुनर्विकासाचं प्रत्येक पाऊल शहरातलं सगळ्यात स्वस्त घर संपवत चाललं आहे.

हे नीट समजून घ्यायला थोडं लांबचं उदाहरण उपयोगी पडेल. ते आहे चीनमधल्या शेन्झेन शहराचं.

शेन्झेनला 1980 साली विशेष आर्थिक क्षेत्राचा दर्जा मिळाला. त्याआधी तिथे शेती आणि मासेमारी करणारी गावं होती. कारखाने, रस्ते आणि कार्यालयांसाठी सरकारने गावांची शेतं घेतली, पण गावकऱ्यांच्या राहत्या घरांची जागा गावाकडेच राहिली. शहर चारही बाजूंनी वाढलं आणि गाव मधेच अडकलं. अशा गावाला तिकडे 'शहरातलं गाव' असंच म्हणतात. शेती गेल्यावर गावकऱ्यांनी आपल्या छोट्या भूखंडांवर पाच-सहा-आठ मजले चढवले आणि खोल्या भाड्याने दिल्या. दोन इमारतींत अंतर इतकं कमी, की समोरासमोरच्या खिडकीतले शेजारी हात मिळवू शकतील. म्हणून त्यांना 'हात मिळवणाऱ्या इमारती' असं नाव पडलं. 2020 च्या जनगणनेत शेन्झेनची लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या आसपास होती आणि त्यातली निम्म्याहून अधिक माणसं या गावांत राहतात, असं तिथले अभ्यासक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. ज्या शहराला जग तंत्रज्ञानाची राजधानी म्हणतं, त्याच्या कामगारांना छप्पर दिलं ते गावकऱ्यांनी.

आता कलिन्याकडे पाहा. कलिना-वाकोल्याचा परिसर महसुली दफ्तरात कोळेकल्याण या गावाचा. कलिन्यातलं चर्च 1606 सालचं. म्हणजे मुंबई शहर म्हणून आकाराला येण्याच्या आधीचं हे गाव आहे. आसपासची शेतं आणि खाजणं हळूहळू विमानतळ, विद्यापीठाचं संकुल, सरकारी वसाहती आणि बीकेसीखाली गेली. गावठाण तेवढं उरलं, आणि रिकाम्या जागांवर वस्त्या उभ्या राहिल्या. शेतीच गेल्यावर उत्पन्नासाठी घरावर मजला चढवणं ही गोष्ट शेन्झेनच्या गावकऱ्याला जशी सुचली, तशीच इथल्या गावठाणातल्या ईस्ट इंडियन कुटुंबाला सुचली आणि शेजारच्या वस्तीतल्या झोपडीमालकालाही.

फरक आहेच. शेन्झेनच्या गावकऱ्याचा आपल्या जागेवर मान्य हक्क होता, आपल्याकडे वस्तीतल्या मालकाकडे बहुतेक वेळा फक्त फोटोपास किंवा वीजबिल असतं. पण भाडेकरूच्या जागेवरून पाहिलं तर दोन्हीकडे चित्र एकच दिसतं. कामाच्या ठिकाणापासून पायी किंवा एका शेअर रिक्षाच्या अंतरावर, फारशी कागदपत्रं न मागता, लगेच मिळणारी खोली. गरिबाच्या हिशोबात या 'लगेच' आणि 'जवळ' यांची किंमत मोठी असते. विरारला किंवा अंबरनाथला स्वस्त घर मिळतं, पण पहाटे चारच्या शिफ्टला विमानतळावर पोचायचं असेल तर ते घर असून नसल्यासारखं.

या खोल्यांचं गुणगान गाण्याची माझी अजिबात इच्छा नाही. दहा बाय दहाच्या खोलीत चार-पाच जण झोपतात. मे महिन्यात पत्रा तापला की पंखा गरम हवाच फिरवतो. मोरी खोलीतच, संडास गल्लीच्या टोकाला, पाणी ठरावीक वेळेला. भिंतीला भिंत लागल्यामुळे दिवसाही दिवा लावावा लागतो. झोपडीची उंची नियमाने 14 फुटांपर्यंतच मान्य, त्यामुळे त्यावर जे चढतं त्याचा आराखडा नाही, तपासणी नाही. ऑक्टोबर 2016 मध्ये वांद्र्याच्या बेहरामपाड्यात असंच चढवत नेलेलं घर कोसळून लहान मुलं गेली. जून 2021 मध्ये मालाडच्या मालवणीत पावसात घर कोसळलं, त्यातही मेलेल्यांत आठ मुलं होती. चीनमध्ये नोव्हेंबर 2017 मध्ये बीजिंगच्या दाशिंग भागात भाड्याच्या खोल्यांच्या इमारतीला आग लागून 19 माणसं मेली. त्यानंतर तिथल्या प्रशासनाने सुरक्षेच्या नावाखाली ऐन थंडीत हजारो स्थलांतरित भाडेकरूंना काही दिवसांच्या मुदतीत बाहेर काढलं. खोली धोकादायक आहे हे खरंच होतं. पण ती रिकामी करून घेताना माणूस जाणार कुठे, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

आपल्याकडे हा प्रश्न विचारला जात नाही त्याचं कारण व्यवस्थेच्या रचनेत आहे. माझं रोजचं काम डेटाबेसशी आहे, म्हणून त्याच भाषेत सांगतो: ज्या टेबलात कॉलमच ठेवलेला नाही, तिथे माहिती भरणार कशी?

झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, म्हणजे एसआरए, 1995 साली स्थापन झालं. योजनेचा पाया आहे 'परिशिष्ट-दोन', म्हणजे पात्र झोपडीधारकांची यादी. 1 जानेवारी 2000 पूर्वीच्या झोपडीला मोफत घर. त्यानंतरच्या, 1 जानेवारी 2011 पर्यंतच्या झोपडीला अडीच लाख रुपये भरून घर. घराचं क्षेत्रफळ आधी 225 चौरस फूट होतं, मग 269 झालं, आता 300 आहे. तीस वर्षांत तारीख बदलली, क्षेत्रफळ बदललं. एक गोष्ट तशीच राहिली: हिशोब तळमजल्याचा. माळ्यावरचा माणूस या यादीत येत नाही.

एक साधा हिशोब मांडू. समजा वाकोल्यात एक झोपडी आहे, तळमजला अधिक दोन मजले. खाली मालकाचं कुटुंब, वर तीन खोल्या, तीन भाडेकरू. म्हणजे चार घरांतली माणसं. योजना आली, झोपडी पडली. मालकाला 300 चौरस फुटांचा एक फ्लॅट मिळाला. बाकीची तीन घरं हवेत विरली. उरलेल्या जमिनीवर विक्रीची इमारत उभी राहिली, तिथे एक बेडरूमचा फ्लॅट त्या तीन भाडेकरूंच्या कुवतीच्या कितीतरी पलीकडचा. मालकाला मिळालेला फ्लॅटही ठरावीक वर्षं विकता किंवा भाड्याने देता येत नाही, म्हणजे कायद्याने तोही भाड्याच्या बाजारात नाही. थोडक्यात, सरकारी नोंदीत 'एक घर वाढलं', प्रत्यक्षात तीन स्वस्त खोल्या कमी झाल्या.

इथेच हे थांबत नाही. इमारत उभी राहीपर्यंत पात्र कुटुंबाला बिल्डर भाडं देतो. ते कुटुंबही मुलांची शाळा आणि नोकरी सांभाळायला त्याच परिसरात खोली शोधतं. एकाच वेळी अशी शेकडो कुटुंबं खोल्या शोधू लागली की आजूबाजूचं भाडं चढतं. म्हणजे ज्याला काहीच मिळालं नाही, त्या भाडेकरूला वाढीव भाड्याचाही फटका. गोळीबारच्या पुनर्विकासावर बराच संघर्ष झाला, मे 2011 मध्ये मेधा पाटकर तिथे उपोषणाला बसल्या. पात्रतेतले घोळ, खोट्या सह्या, जबरदस्तीचं पाडकाम हे मुद्दे तेव्हा मांडले गेले आणि ते रास्तच होते. पण अशा कोणत्याही लढ्यात माळ्यावरच्या भाडेकरूचा मुद्दा स्वतंत्रपणे पुढे येत नाही. त्याला पाडकामाची तारीख शेजाऱ्याकडून कळते.

यातला आणखी एक पेच फार कमी लोकांना माहीत असतो. नियमांत पात्रतेसाठी 'प्रत्यक्ष राहणारा' हा शब्द आहे. म्हणजे झोपडीत राहतो कोण, हे महत्त्वाचं. हेतू चांगला होता. पण परिणाम असा झाला, की मालकाला भाडेकरूची भीती वाटू लागली. हा माणूस इथे जास्त दिवस राहिला, त्याच्या नावाचा एखादा कागद तयार झाला, तर आपलं घर जाईल. म्हणून करार करायचा नाही, पावती द्यायची नाही, वीजबिल आपल्याच नावावर ठेवायचं, अकरा महिन्यांनी माणूस बदलायचा आणि सर्वेक्षणाची कुणकुण लागली की खोली रिकामी करून भाच्याला आणून बसवायचं. भाडेकरूचं अदृश्य असणं हे अशा रीतीने मालकाच्या फायद्याचं झालं.

शहराच्या इमारतींतही भाडेकरूची कहाणी विचित्रच आहे. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठवली, त्यामुळे जुन्या चाळींतला भाडेकरू टिकला, पण नव्या भाड्याच्या चाळी बांधणं थांबत गेलं. 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, पण नवा माणूस 'लिव्ह अँड लायसन्स'वर घर घेतो, आणि मुदत संपली की त्याला बाहेर पडावंच लागतं. जुन्याला भरपूर संरक्षण, नव्याला जवळपास शून्य, आणि वस्तीतल्याला तर कागदही नाही. सरकारने भाड्याची घरं बांधायचा प्रयत्न केला नाही असं नाही. 2008 मध्ये एमएमआरडीएने 160 चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली. पुढे त्यातली घरं दुसऱ्याच कामांकडे वळली, दोन-दोन खोल्या जोडून गिरणी कामगारांना मालकीने दिली गेली. गिरणी कामगारांचा हक्क निर्विवाद आहे. पण भाड्याचं घर म्हणून सुरू झालेली योजना शेवटी मालकीकडेच वळली, हे लक्षात घ्यायला हवं. आपल्या धोरणाला भाडं म्हणजे तात्पुरती अडचण वाटते, गरज वाटत नाही.

गंमत अशी, की भाडेकरूची नोंद सरकारला हवी असते, फक्त वेगळ्या कारणासाठी. भाडेकरू ठेवला तर त्याची माहिती पोलिसांना द्यावी लागते. फोटो, मूळ गाव, ओळखपत्र. ज्या माणसाचं नाव पोलीस ठाण्याच्या यादीत चालतं, ते पुनर्वसनाच्या यादीत का चालत नाही? संशयासाठी त्याचं अस्तित्व मान्य आणि हक्कासाठी अमान्य, असं कसं?

पुन्हा शेन्झेनकडे जाऊ, कारण पुढे काय होतं ते तिथे आपल्या आधी घडलं आहे. नानशान भागातलं बाइशीझोऊ हे तिथलं सगळ्यात प्रसिद्ध 'शहरातलं गाव'. शेजारी बड्या सॉफ्टवेअर कंपन्या, आणि गावात सुमारे दीड लाख माणसं, त्यात नवशिके प्रोग्रॅमरही बरेच. 2019 मध्ये तिथे मोठ्या प्रमाणात खोल्या रिकाम्या करायच्या नोटिसा लागल्या. घरमालक गावकऱ्यांना घरं आणि भरपाई ठरली. भाडेकरूंना मिळाली ती नोटीस. तिथे मुलांचा शाळाप्रवेश राहत्या पत्त्याशी जोडलेला, त्यामुळे पालक रस्त्यावर आले ते 'भरपाई द्या' म्हणून नाही, 'मुलांची शाळा सुटेपर्यंत तरी थांबा' म्हणून.

आणि न पाडता सुधारणा केली तरी प्रश्न आपोआप सुटत नाही, हेही तिथेच दिसलं. एका मोठ्या बांधकाम कंपनीने गावांतल्या इमारती घाऊक भाड्याने घ्यायच्या, रंगरंगोटी, लिफ्ट, वायफाय करायचं आणि खोल्या पुन्हा भाड्याने द्यायच्या, असा उपक्रम सुरू केला. 2018 मध्ये चिंगहू गावाजवळच्या फॉक्सकॉन कारखान्यातल्या कामगारांनी उघडं पत्र लिहिलं: खोल्या चकाचक होतील, पण भाडं वाढलं तर आम्ही राहायचं कुठे? 2019 मध्ये शेन्झेन प्रशासनाने निम्म्याहून अधिक गावांची जागा 2025 पर्यंत पाडकामातून वगळणारा आराखडा जाहीर केला. शहराला ही स्वस्त घरं लागतात, हे निदान कागदावर मान्य झालं. पण सुधारणेच्या हिशोबात भाडं आणि भाडेकरू धरला नाही, तर सुधारणाही हकालपट्टीच ठरते, हा धडा तिथला आहे.

आता आपल्या समाजाबद्दल थोडं स्पष्ट बोलू या. मुस्लिम नाव ऐकून सोसायटीत घर नाकारलं जातं, हा आपल्यापैकी बहुतेकांचा अनुभव आहे. दिल्ली परिसरात सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फोनवरून घर विचारणाऱ्या मुस्लिम नावाच्या जवळपास एक-तृतीयांश लोकांना थेट नकार मिळाला होता. दलितांनाही नकार मिळाला, उच्चवर्णीय नावांना नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या प्रकरणात सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवणारा पोटनियम ग्राह्य धरला, त्यामुळे कायदेशीर वाटही अवघड आहे. 1992-93 च्या दंगलींनंतर तर सुरक्षिततेसाठी माणसं मुंब्रा, मीरा रोड, कुर्ला, जोगेश्वरीकडे सरकली. परिणाम असा, की मुस्लिम तरुणाला पगार चांगला असला तरी खोली वस्तीतच शोधावी लागते. म्हणून माळ्यावरच्या भाडेकरूचा प्रश्न आपल्यासाठी जास्त जवळचा आहे.

पण याच वस्त्यांमध्ये खोली भाड्याने देणारेही पुष्कळदा आपलेच लोक आहेत. पावती न देणारे, करार टाळणारे, 'हेवी डिपॉझिट' घेणारे. समजा चार लाख रुपये एकरकमी घेतले, भाडं नाममात्र, व्यवहार सगळा तोंडी किंवा शंभराच्या स्टॅम्पपेपरवर. उद्या पाडकाम आलं, मालक गावी गेला किंवा वारला, तर ते चार लाख कोणाकडे मागायचे? सोसायटीच्या दारात आपण संविधानातली समानता मागतो, ती मागायलाच हवी. पण आपल्या माळ्यावर राहणाऱ्या बिहारी कारागिराला, उत्तर प्रदेशच्या टेलरला, गावाकडच्या मुलीला आपण कोणती वागणूक देतो? एकट्या राहणाऱ्या मुलीला खोली देताना आपल्या मोहल्ल्यात कोणते प्रश्न विचारले जातात? न्याय हा शब्द एकाच दिशेने वापरता येत नाही.

मग करायचं काय? मला चार गोष्टी सुचतात.

पहिली, सरकारकडे मागणी. एसआरएच्या प्रत्येक सर्वेक्षणात माळ्यांवर राहणाऱ्यांची आणि भाडेकरूंची स्वतंत्र मोजणी व्हावी. हे अशक्य नाही. धारावी प्रकल्पात 15 नोव्हेंबर 2022 पर्यंतच्या वरच्या मजल्यांवरच्या रहिवाशांना भाडे-खरेदीच्या तत्त्वावर घर द्यायचं धोरण ठरलं आहे. ते घर धारावीबाहेर आहे, ही त्याची मोठी उणीव. पण वरच्या मजल्यावरचा माणूस मोजता येतो, हे सरकारनेच मान्य केलं आहे. मग तोच नियम वाकोला आणि गोळीबारला का नको, आणि घर त्याच परिसरात का नको?

दुसरी, प्रत्येक पुनर्विकास योजनेत जितक्या भाड्याच्या खोल्या पाडल्या जातात, त्यातल्या निदान काही तिथेच कायमच्या भाड्याच्या खोल्या म्हणून बांधाव्यात. त्या विकता येणार नाहीत, महापालिकेच्या किंवा म्हाडाच्या ताब्यात राहतील, भाडं ठरावीक. खोली 160 चौरस फुटांची असली तरी चालेल. खिडकी, संडास आणि कामाची जवळीक हवी. राज्याच्या 2025 च्या गृहनिर्माण धोरणात भाड्याच्या घरांचा उल्लेख आहे. आपल्या भागातल्या योजनेत तो उल्लेख किती खोल्यांचा झाला, हे विचारणं आपलं काम आहे.

तिसरी, पडझड थांबवण्यासाठी सरसकट पाडकामाऐवजी तपासणी आणि दुरुस्ती. वरचा मजला बेकायदा म्हणून त्याच्याकडे पाहायचंच नाही, ही पद्धत माणसं मारते. वस्तीत राहणारे सिव्हिल इंजिनिअर आपल्यात कमी नाहीत. पावसाळ्याआधी कोणत्या भिंती आणि खांब धोक्याचे आहेत, हे पाहून मालकाला आणि वॉर्ड कार्यालयाला लेखी कळवणं, एवढं तरी गल्लीपातळीवर करता येईल.

चौथी, आणि ही आजपासून करता येण्यासारखी: करार करा. 1999 च्या कायद्याच्या कलम 55 नुसार भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं ही मालकाची जबाबदारी आहे. तो नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं आधी ग्राह्य धरलं जातं. लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी आता ऑनलाइन होते. वस्तीतला मालक नोंदणीला तयार झाला नाही, तर निदान भाडं आणि डिपॉझिट बँकेतून किंवा यूपीआयने द्या, पावती घ्या, आधारवर पत्ता बदला, मतदार यादीत नाव घाला. जे मालक आहेत त्यांनी घाबरायचं कारण नाही. कागद दोघांचंही संरक्षण करतो, डिपॉझिट किती आणि मुदत किती हे त्यात स्पष्ट असतं. मशिदीची कमिटी निकाहाचं रजिस्टर ठेवते, जमात गावच्या वर्गणीचा पैसा-पैसा लिहून ठेवते. मग मोहल्ल्यात खोल्यांचं आणि डिपॉझिटचं रजिस्टर का असू नये? त्यात धर्म पाहायची गरज नाही. मोहल्ल्यात राहतो तो शेजारी.

मुंबई ही भाडेकरूंनीच उभी केली. गिरणगावात एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे कोकणी चाकरमानी, गावकीच्या खोल्या, खानावळी, धोबीतलावच्या गोवेकरांच्या कुडी, या सगळ्या त्या काळच्या स्वस्त भाड्याच्या व्यवस्था होत्या. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा तिथूनच सुरू झाले आणि मग कुठे आपण शिकलो. आजचा तसाच मुलगा वाकोल्याच्या माळ्यावर राहतो आहे. येत्या काही वर्षांत त्याची खोली पडणार, हे नक्की आहे. ती पडण्याआधी त्याचं नाव एखाद्या यादीत लिहिलं जाणार का, हे अजून ठरायचं आहे, आणि ते ठरवण्यात आपण काही करू शकतो.